सातव्या खड्ड्याची साक्ष

...आणि वर लोक मलाच विचारतात, पार्टी कधी? कसली पार्टी, घरात चार दिवस माझ्याशी कुणी बोललेलं नाही. तुम्हाला सांगतो, बोलायला नको होतं मी.

आमच्या विद्यापीठाचं स्वतःचं गोल्फचं मैदान आहे. परीक्षा विभागाचं छप्पर गळतंय, पण मैदानाला अठरा खड्डे, एक तळं, कपडे बदलायच्या खोलीत गरम पाणी, आणि क्लबहाउसात एक लाकडी फलक. एका फटक्यात चेंडू खड्ड्यात घातला की त्यावर सोनेरी अक्षरांत नाव. मी परीक्षा विभागात कारकून. बुधवारी सकाळी कर्मचाऱ्यांना खेळायची मुभा, म्हणून अकरा वर्षं जातोय. तळ्यात इतके चेंडू घातलेत की मला पाहिलं की बदकं बाहेर येऊन बाजूला उभी राहतात... अहो, खरंच.

बायको कधी येत नव्हती. मीच मागे लागलो, चल गं एकदा, बघ तरी. आली बिचारी, थर्मास घेऊन. सहा खड्डे उन्हात माझ्यामागे चालली, प्रत्येक फटक्याला विचारायची, "हा चांगला होता का?" आणि मी म्हणायचो, नव्हता. सातव्याला मध्ये उंचवटा आहे, इकडून झेंडा दिसत नाही. म्हणाली, "मी पुढे बाकावर बसते, तुम्ही या मारत मारत." मी मारला. काय बसला म्हणून सांगू, हाताला कळलंसुद्धा नाही! उंचवटा चढून जातो तर चेंडू गायब. झुडपांत शोधला, वाळूत शोधला, मागून खेळत येणारे चौघे, तेही शोधायला लागले, आणि ही बाकावर शांतपणे चहा ओततेय. शेवटी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून चेंडू. "हा का? अहो, खड्ड्यात पडला होता. म्हटलं, तुमचा आणखी एक गेला, म्हणून काढून पुसून ठेवला."

अकरा वर्षं, आणि पुसून ठेवला! मी ओरडलो. त्या चौघांसमोर. "अक्कल आहे का तुला?" तिनं चेंडू माझ्या हातात दिला, थर्मासचं झाकण लावलं आणि चालत फाटकाकडे निघाली. आणि मी मागे गेलो का? मी आठवा खड्डा खेळलो हो... बोलायला नको होतं मी.

मग क्लबहाउसचा व्यवस्थापक म्हणतो, "चेंडू खड्ड्यात पाहणारा साक्षीदार हवा. हा फॉर्म, तीन प्रती, एकही रकाना रिकामा नको." मीच रोज पोरांचे फॉर्म यावरून परत करतो, घेतल्या तिन्ही प्रती. घरी गेलो, माफी मागायची सोडून पेन पुढे केलं. तिनं फॉर्म भरला. नाव लिहिलं माहेरचं. शेवटचा रकाना, 'साक्षीदाराचे खेळाडूशी नाते'. तिथे वळणदार अक्षरात लिहिलं, 'तोंडओळख'. तिन्ही प्रतींवर.

फॉर्म दिला तसाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्यवस्थापकाचा फोन. "साहेब, या बाई तुमच्या नात्यातल्या नाहीत ना? नात्यातली साक्ष नियमात बसत नाही." स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. ती ऐकत होती. एक वाक्य बोलायचं होतं हो, बायको आहे माझी. तेवढंच. आणि मी म्हणालो, "छे हो, नुसती तोंडओळख आहे."

नाव लागलं फलकावर. तोंडओळख होती, आता तीही राहिली नाही.