कणकेतलं लोखंड

डोंगरीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको उभे होते. त्याच्या शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं, तिच्या हातात स्टीलचा डबा.

"अहो, लोहारकामाच्या वर्गाला रोज किलोभर कणीक कशाला लागते?"

"अगं, तापलेलं लोखंड कणकेसारखंच वळतं. आधी कणकेत करून बघायचं, मग भट्टी पेटवायची. नाहीतर सगळी मुलं नुसत्या तलवारी करतात."

"आणि कणकेत?"

"पहिले दोन दिवस कणकेच्याही तलवारीच केल्या. मग म्हटलं, प्रत्येकाने दहा वेगळे आकार करा. कुणाच्याही कल्पनेला नाही म्हणायचं नाही."

"माझ्या कणकेला मात्र नाही म्हणालात. सैल आहे म्हणून."

"सैलच होती. पण त्यातसुद्धा वर्गातल्या क्षितिजाने काय सुंदर दाराची कडी केलीये! माशाच्या शेपटीसारखी. आज परीक्षक येतायत. मुलांचे नमुने बघून वर्ग पुढे चालवायचा की बंद करायचा, ते ठरवणार."

"कुठले नमुने?"

"फ्रिजमधल्या डब्यातले. तोच ना हा डबा? उघड, एकदा बघतो."

"यात तुमची पोळीभाजी आहे."

"मग नमुने कुठेत?"

"अहो, अन्न टाकायचं कसं? काल चहाबरोबर तळून दिले ना तुम्हाला. मस्त फुगले होते."

"म्हणजे... ती खारी शंकरपाळी?"

"हो. दोनदा मागून घेतलीत. वर म्हणालात, अठरा वर्षांत पहिल्यांदाच तुला काहीतरी नवीन सुचलं!"