त्याच रक्तातलं दुसरं

...नाही, तुम्हीच सांगा, सत्तर पौंडांचं कुत्रं दिवसातून तीनदा छातीशी धरून जिना चढायचा म्हणजे काय गंमत आहे? आणि जिना तरी कसला, घराबाहेरचा, लाकडी, अमेरिकेच्या उत्तर टोकाला आमच्या डुलुथमधला, नोव्हेंबर ते एप्रिल वर बर्फाचा थर, आणि पायऱ्या किती? सतरा! मी धापा टाकत चढतोय, फ्रीडा माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून रस्त्याची मजा बघतेय, आणि खालून पोस्टमन विचारतो, "काय आर्विड, बायकोला कधी उचललं होतंस का असं?" वर दारात मार्लिस उभी. ती म्हणते, "उचललं होतं. लग्नाच्या दिवशी. दोन पायऱ्या."

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. जर्मन शेफर्ड घ्यायचं तर व्हर्ना डाल्केबाईंकडूनच, असं सगळं गाव सांगत होतं. फ्रीडाचा बाप कुत्र्यांच्या प्रदर्शनात बक्षिसाच्या फिती मिळवलेला, पाठ मागे अशी उतरती की नुसती घसरगुंडी, आणि परीक्षक म्हणतात, वा, काय डौल! अहो, डौल कसला, त्या बिचाऱ्याला खाली बसायचं होतं... पण मी शाळेची बस चालवणारा माणूस, मला काय कळतंय? फ्रीडा दीड वर्षाची झाली आणि एके दिवशी जिन्याखाली बसली. हाक मारली, शेपटी हलवते. बिस्किट दाखवलं, शेपटी हलवते. पण उठायचं नाव नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. खुब्याची वाटी खोलगट हवी, हिची नुसती बशी आहे, हाड त्यात बसतच नाही, आणि हे आईबापांकडून येतं, म्हणाल्या. विचारलं, आईचा एक्स-रे बघितला होता का तुम्ही? मी फिती बघितल्या होत्या.

आता व्हर्नाबाईंनी कागद दिला होता, सहीचा. खुबे बिघडले तर कुत्रं परत आणा, त्याच रक्तातलं दुसरं घेऊन जा. वाचायला किती छान! पण परत आणलेल्या कुत्र्याचं पुढे काय, ते कागदात नव्हतं. सुई टोचून कायमचं झोपवणार, दुसरं काय? म्हणून बाईंच्या धंद्याच्या बावीस वर्षांत एक माणूस परत आला नव्हता. दीड वर्षं पायाशी झोपलेल्या पोरीला कोण बदलून आणणार? दुकानातली छत्री आहे का ती? लोक गुपचूप घरी उचलत बसायचे. कुणाच्या घराला चार पायऱ्या, कुणाच्या सहा, आमच्या सतरा!

शेवटी एका शनिवारी फ्रीडाला गाडीत घातलं आणि गेलो. बाई वाईट असत्या ना, तर बरं झालं असतं, मनसोक्त भांडता तरी आलं असतं. पण त्या पिल्लं स्वैपाकघरात वाढवतात, रडकं असेल त्याला बाटलीने पाजतात, निरोप देताना डोळे पुसतात. मला आधी कॉफी दिली, वर लिंबाची वडी. आईचा एक्स-रे? "काढला होता हो, तपासणीला पाठवायचा राहिला." किती वर्षं राहिला? "चार." चार वर्षं, चार वेतं, तीस पिल्लं! आणि वर मलाच म्हणतात, "अहो आर्विड, खुबे कुणाचे चांगले असतात? माझेच बघा. म्हणून मी जन्मालाच यायला नको होतं का?" काय उत्तर देणार, तोंडात वडी! उत्तर सुचलं तिसऱ्या दिवशी, नवव्या पायरीवर... बाई, तुम्हाला कुणी एक्स-रे लपवून जन्माला घातलं नव्हतं.

मी कागद टेबलावर ठेवला, म्हटलं, घ्या परत. बाई हो म्हणाल्या असत्या तर तिथेच रडलो असतो. फ्रीडा फरशीवरून फरफटत टेबलाखाली गेली. तिथे तिची आई, ग्रेटा, पडलेली होती. तिच्या अंगावर नाक ठेवून झोपली. बाईंना ते बघवेना. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणाल्या, "आणि वर हवं ते पिल्लू न्या."

"पिल्लू नको," मी म्हटलं. "त्याच रक्तातलं दुसरं, असं लिहिलंय ना? मला ही आई द्या. म्हणजे हिची आणखी वेतं तरी थांबतील."

बाई उठल्या आणि पट्टा स्वतःच्या हाताने ग्रेटाच्या गळ्यात घातला. तुम्हाला सांगतो, जग जिंकल्यासारखा आलो मी घरी. गाडीचं दार उघडलं. ग्रेटा उतरली, लंगडत चार पावलं चालली, आणि जिन्याखाली बसली. शेपटी हलवते. वरून मार्लिस म्हणाली, "एक घेऊन गेलास आणि दोन आणल्यास?" आता मोजा तुम्हीच, सतरा आणि सतरा!

तरी मी खूश होतो हो. मग ख्रिसमसला बाईंचं कार्ड आलं. आत फोटो, फ्रीडाची सख्खी बहीण हायडी, बाईंनी स्वतःसाठी ठेवलेली, पोट हे एवढं. खाली लिहिलं होतं, 'ग्रेटाला सांगा, ती आजी होणार. यादीत पहिलं नाव तुमचंच.' मी ते कार्ड घेऊन जिन्यावरच बसलो. हायडीचा एक्स-रे? राहिला असेल पाठवायचा...

गेल्या आठवड्यात माझाच डावा पाय उचलेना. डॉक्टर तरुण, समोर फॉर्म. विचारतो, "हा खुब्याचा त्रास घरात आणखी कुणाला?" म्हटलं, आहे ना, आईला आहे, मुलीला आहे, आणि नातवंडं जानेवारीत येतायत. त्याने सगळं नीट लिहून घेतलं. म्हणाला, "मग काय करणार, घराण्यातच आहे. जिना तेवढा चढू नका."

मी बरं म्हटलं आणि घरी आलो. दोघी जिन्याखाली थांबल्या होत्या.