आमच्या घरचं नेट कुठं चाललं?

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, निदान बराचसा. वरूडच्या घरी मी जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केलाय. अंगणातला कॅमेरा त्यालाच जोडलाय. परवा किती नेट गेलं ते बघतो, तर धो धो बाहेर चाललेलं!

बायको घाबरली. "अहो, कोनी पाहून राहिलं का आपल्याले?"

मी वायर उपटली. लगेच अकोल्याहून लेकीच्या सासूबाईंचा फोन.

"इवाईबुवा, कॅमेरा कावून बंद केला? सूनबाईनं पासवर्ड देला, दिवसभर पाह्यतो आमी."

आदल्याच दिवशी बायको अंगणात म्हणाली होती, विहीणबाईंचे रोडगे म्हणजे दगड.

"आवाज... आवाज बी येते का?"

"येते ना! रविवारी या जेवाले. रोडगेच करून राहिली."

खोटं एवढंच, की ते बायको नाही, मी म्हणालो होतो.