भोयरकाकांचं दुरुस्त केलेलं वाक्य

काकू, आणि गोदामातल्या सगळ्यांनो,

काम थांबवून तुम्ही या आवारात जमलात. मला बोलणं जड जातंय. भोयरकाकांना बोलायला शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. म्हणून लिहून आणलं आहे. तेवढंच वाचते.

मी इथली सेफ्टी इंजिनिअर. काका माल रचणाऱ्यांचे मुकादम. रोज पाळीआधी ते पाच मिनिटं बोलायचे. आज कुठे जपायचं, कुठे पाय ठेवायचा नाही. मागच्या महिन्यात मुख्य ऑफिसचे साहेब ते ऐकायला इथे, वाडीच्या गोदामात, येणार होते. काकांची तयारी करून घ्या, असं मला सांगितलं गेलं.

मी ऐकलं, सूचना दिल्या. माणसांकडे बघा, जमिनीकडे नको. धोका पहिल्याच वाक्यात सांगा. त्या सूचना बरोबर होत्या. आजही आहेत. काका हसले. म्हणाले, "तुमच्या मराठीले इस्त्री हाय, मॅडम. माही चुरगळलेली."

मग मी त्यांचं पहिलं वाक्य दुरुस्त केलं.

ते म्हणायचे, "सात नंबरचा रॅक झुकून राहिला." मी नाशिकची. मला वाटलं, कधीतरी झुकला आणि तसाच राहिला. मी लिहून दिलं, "रॅक झुकलेला आहे." काकांनी दोनदा वाचलं. विचारलं, "असंच म्हनू?"

मी म्हणाले, असंच म्हणा.

साहेबांसमोर ते तसंच म्हणाले. मान वर, आवाज स्वच्छ. साहेबांनी विचारलं, हे कधीचं? काका तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, जुनं असेल. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. रॅक रिकामा करा, असं कुणीच म्हटलं नाही. मीही नाही.

नवव्या दिवशी तो काकांवर कोसळला.

परवा काकूंकडे गेले होते. काकू म्हणाल्या, "रोज सांगत होते वं, झुकून राहिला, कालच्याहून जास्त." तेव्हा मला कळलं. इथे 'झुकून राहिला' म्हणजे झुकतो आहे. आत्ता. तुम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. मी विचारलं का? नाही विचारलं. रॅक कशामुळे पडला ते चौकशीत ठरेल. वाक्य मी बदललं, हे चौकशीशिवाय सांगते.

आणखी एक. आज सकाळी मी आठ नंबरच्या रॅकला ओळंबा लावला. दुपारी पुन्हा पाहिला. दोरी आणि खांब यांच्यातलं अंतर वाढलं आहे. वरचे खण भरलेले आहेत. साहेबांना लेखी कळवलं. उत्तर आलेलं नाही. पुढची पाळी चारला सुरू व्हायची आहे.

काका पडले त्या जागी, आत, फुलं वाहायची असं ठरलं होतं. ते मी रद्द करते आहे. मला तो अधिकार नाही, पण शटरची किल्ली माझ्याकडे आहे.

दोन मिनिटं शांत उभे राहू. इथेच, उघड्यावर. आत कुणीही जाऊ नका.

दोन मिनिटांनंतरही नाही.