म्हसोबाचा बांध

माझं नाव शेवंता. माहेर ताम्हिणीच्या अंगाला, डोंगरातली वाडी. तितं बांध म्हून काय न्हाई, नाचणीचं तुकडं, ज्येला जेवढं खणता येतं तेवढं त्येचं. जमिनीवरनं माणसं एकमेकाचा जीव घेत्यात हे मला हितं नांदे गावात लगीन होऊन आल्यावर कळालं. काय सांगू तुमाला ताई, ह्या घरात सख्ख्या भावानं सख्ख्या भावाचं रक्त काढल्यालं बघितलं मी, आन ते बी एकदा न्हाई.

आमचं मालक धाकलं, थोरलं दीर बबनराव. सासऱ्यांनी जिवंतपणीच दोघांची वाटणी केली, तलाठ्याकडं नोंद झाली, सातबारं येगळं झालं, पण मोजणी न्हाई केली. सरकारी माणूस बोलवायचा, त्येनं मोजून खुणा रवायच्या, ते कशाला, घरचीच पोरं हायेत म्हणालं, आन पावलानं मोजलं, दारातला मोठा काळा दगड बैलगाडीत घातला आन खाचराच्या मधी नेऊन रवला. झाला बांध. आमच्याकडं सगळ्यांचं असंच हाय बघा, कागद हाय, मोजणी न्हाई. बापाचं पाऊल बाप गेल्यावर कुटं शोधायचं?

सासरं गेलं आन दगड चालाया लागला. दर नांगरटीला दीर ट्रॅक्टर घालायचं आन बांध कोरत कोरत दगड आमच्या अंगाला ढकलायचं. एका वर्साला ह्यांनी सांगितलं, दादा, दगड सरकलाय. दीर म्हणालं जमीनच सरकली आसल. हे म्हणालं मागं घे. तू मला मागं घ्याया लावनार व्हय रं, म्हणालं, आन फावडं उचलून ह्यांच्या डोक्यात घातलं. चिखलणी चालली हुती, सगळा चिखल लाल. पण आमचं मालक बी गरीब गाय न्हाईत, तशा डोक्यानं उटलं, दिराला आडवं पाडलं आन त्येचं तोंड चिखलात दाबून धरलं, पाय झाडाया लागला माणूस. माझी सासू, आमी आत्या म्हणायचो, पळत आली आन दोघांच्या मधी पडली. फावड्याच्या पात्यानं तिचं मनगट चिरलं तवा कुटं दोघं सुटलं.

दुसऱ्या दिवशी बघतोय तर बांधाच्या दगडाला शेंदूर, फुडं नारळ, लिंबू. आत्या म्हणाल्या, म्हसोबा सपनात आला, म्हणाला मी हितं हाय, मला हलवाल तर निर्वंस करीन. गावानं हात जोडलं. मी मातर आत्याची नखं बघितली, नखात शेंदूर. मागल्या दारी मला धरलं आन म्हणाल्या, शेवंता, पोरं माझं ऐकत न्हाईत, म्हसोबाचं ऐकतील, बोललीस तर जीभ हासडीन. मी कशाला बोलतीय? ह्यांना तेवढं सांगितलं, ते बी गप ऱ्हायलं. आन खरंच ऐकलं ओ, दीर ट्रॅक्टर लांबनं वळवायचं, मंगळवारी येऊन पाया पडायचं. दगड जितं हुता तितं थांबला. त्येच्याआधी सरकला तेवढं आमचं गेलंच, पण जीव तर ऱ्हायलं.

मग हिंजवडीकडनं बिल्डिंगा आल्या. आत्या तवर गेल्या. दिरांनी त्येंचं रान बिल्डरला दिलं, दगडाला लागून एक पट्टी तेवढी ठेवली. आमी रान इकलं न्हाई, रस्त्याच्या कडंला खोल्या बांधल्या, बिहारकडची पोरं ऱ्हात्यात, त्येच्यावर आमचं चालतंय. आन म्हसोबा लागला की ओ पावाया! कंपनीच्या गाड्यांचं डायवर थांबायचं, वाचमन यायचं, कुणी नवस बोलायचं, कुणी बकरू कापायचं. दगडाखालची माती कधी वाळली न्हाई.

तवा दिरांच्या डोक्यात आलं. कमिटी केली, आपुन अध्यक्ष. देवाला देऊळ पायजे, मंडप पायजे, गाड्या लावाया जागा पायजे. कुटं? समदं आमच्या अंगाला. खोल्या पाडा म्हणालं, देवाच्या कामाला आडवं येऊ नगा. मारुतीच्या देवळात बैठक बसली आन हे उभं ऱ्हायलं. म्हणालं, दादा, ह्यो देव न्हाई, ह्यो आपला बांध हाय. आपुन एकमेकाला मारू नये म्हून आयनं शेंदूर लावलाय.

पयली चपराक दिराची बसली. आयला खोटी म्हणतो का, म्हणालं, आन मग समदी तुटून पडली. आमच्या घरी जेवल्याली माणसं ताई, ह्यांना देवळाच्या पायरीवरनं खाली वढलं, काठीनं मारलं. उजवा हात पायरीच्या दगडावर ठेवला आन दिरांनी वरनं पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मला बायकांच्या घोळक्यात ऐकू आला. मी घरातनं कोयता आणला आन फिरवला, एकाचा दंड फाटला. त्येचा गुन्हा हाय माझ्यावर. आसू द्या.

त्येंच्यावर आमची केस, आमच्यावर त्येंची. देवाचा अपमान केला म्हून आनखी येक अर्ज. वकील मॅडम म्हणाल्या, मावशी, कोर्टात देवाचं काय बोलायचं न्हाई, कोर्टाला देव मोजता येत न्हाई, जमीन मोजता येती. मोजणीचा अर्ज टाकला. पोलीस बंदोबस्तात मोजणी झाली. खरा बांध निगाला दिरांच्या पट्टीत, आन म्हसोबा बसलाय पुरा आमच्या रानात! जेवढा ढकलला हुता तेवढा आत. कोर्टानं मनाई दिली, हितं कसलं बांधकाम करायचं न्हाई.

तरी आलं. आमुशेला जेसीबी घेऊन, हलगी वाजवत. मी मनाईचा कागद दाखवला, दीर म्हणालं देवाला मनाई करनारं कोर्ट कोन? पोलिसांना फोन केला, पण ते येस्तवर खोल्या ऱ्हायल्या नसत्या. हे प्लास्टरात, हाताला रॉड. मग मी पहार घेतली. माणसावर न्हाई उचलली, दगडावर उचलली. समदी वराडली, हात झडंल, भस्म हुशील. मी म्हणलं हू दे, आन घातली. वर्सानुवर्सांचं तेल आन शेंदूर, जाड कवच झाल्यालं, ते फुटून खाली पडलं. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं आन उडी टाकून पळाला.

आत काळा दगड निगाला. त्येच्यावर दोन खाचा, आमूरसामूर. लहानपणी दोघं भाऊ दारात समोरासमोर बसून त्या दगडावर विळं पाजळायचं. दीर बघत ऱ्हायलं. हलगी थांबली. त्येंनी खाली बसून एका खाचंत बोट घातलं आन आये म्हणालं, येवढंच. मग उटून गेलं. पोलीस आलं तवा मी एकटीच हुते.

खोल्या हायेत, रान हाय. ह्यांचा हात मातर मिटत न्हाई, घास डाव्या हातानं खात्यात. मारामारीची केस अजून चाललीय, कोर्टातलं जज साहेब म्हणत्यात तडजोड करा. जाऊबाई पदर पसरून गेली, मी दारातनं परत लावली. ताई, तुमचं भलं हू द्या, तुमाला भाऊ आसतील तर आयबाप हायेत तवर मोजणी करून घ्या, मी पाया पडून सांगते.

मागल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात मी मॅडमकडं गेल्ते, परत येऊन बघते तर दोघं एकाच बाकड्यावर. चहा आणल्याला. ह्यांच्या डाव्या हातात कागदं, उजव्यात कप धरता येईना, तर दीर बशीत ओतून, फुंकून, ह्यांच्या तोंडाला लावत हुतं. हे पीत हुतं. दोघांच्या डोळ्याला पाणी. माझ्या मस्तकात सनक गेली, वाटलं बशी उडवावी, ह्याच हातानं मोडला की रं त्यो हात! पण खांबाआड उभी ऱ्हायले, त्येंचं पिऊन होस्तवर.

आता हे म्हणत्यात, तडजोडीच्या कागदावर सही करून टाकू. मी म्हणलं करा, हात तुमचा मोडलाय, भाऊ तुमचा हाय. मी न्हाई करायची.