पहिला खांब रोवला तेव्हा

— सत्काराला शाल मीच घालायची? मीच कावून? बरं बरं, त्याची पहिली पक्षकार म्हणून. ते खरं हाय पोरी, तुला कुणी खोटं न्हाई सांगितलं. शहादेव वकिलाचा पहिला खटला माझ्याच हाडोळ्याचा. टेक जरा त्या बाजेवर. टँकर येईस्तोवर मला काम न्हाई, टँकर आला की मात्र उठीन, मग वकील असो का कलेक्टर. हाडोळा ठावं हाय का तुला? न्हाई ना — बीडात वाढलेली तू. आमच्या आज्या-पणज्यांनी गावाची चाकरी केली, सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली, त्याच्याबद्दल मिळालेली जमीन. नदीकाठचा तुकडा. आमी बुद्धाला शरण गेलो, ढोरं ओढायची सोडली, पर तुकडा आमचाच राहिला. तर शेजाऱ्यानं त्याचा बांध सरकवला आत. आन हे बायनाबाईचं पोरगं, आमच्याच वस्तीतलं, नवा काळा कोट घालून औरंगाबादेहून आलतं. वस्ती त्याला बालिष्टर म्हनायची. कुणी हसून, कुणी खरंच.

लिही हे तुझ्या त्या सत्काराच्या पुस्तकात, कसा काम करायचा ते लिही. चपला काढून बांध चालायचा. कागद मागायचा न्हाई आधी. कणसं कुणी खुडली, कडबा कुणाच्या गंजीला गेला, बांधावरच्या बोरीची बोरं कुणाची लेकरं खात होती — असलं इचारायचा. मी म्हनले, आरं शहादेव, वकिली शिकलास का बोरं इकायला? तर म्हनला, काकू, बोलत राव्हा तुमी. मधी तोंड घालायचा न्हाई. ऐकायला असा बसायचा की माणसानं पोटातलं सगळं बाहेर काढावं. आन कोर्टात त्या बोरांवरच जिंकला की. मग आष्टीहून माणसं यायली, वडवणीहून यायली — जमिनीचा तंटा म्हणलं की शहादेव. मला बी शिकवलं त्यानं. म्हनला, काकू, राजीखुशीनं वापराया दिलेली जागा समोरच्यानं किती बी साल वापरली तरी देणाऱ्याचीच. पर न इचारता घुसून कुणी बारा वरसं बसला आन तुमी गप राहिलात, तर गेली. असं फोड करून सांगायचा. लई हुशार. न्हाई म्हणणार न्हाई मी.

मग? मग काय, सोसायटी. दुधाची. बहात्तरला दुष्काळ पडला, तवा आमी तोडीला निघालतो, उसाच्या. गाडीत बोचकं टाकलं, लेकरू वर बसवलं, तेवढ्यात सुंदरराव आले — सोसायटीचे चेअरमन. आमच्या मालकाला म्हनले, बन्सी, गावची ढोरं मरायलीत, तुझ्या तुकड्यावर छावणी टाकू दे. हे म्हनले, टाका, ढोरं जगली पायजेत. झालं. कागद कशाला? ढोरासाठी जागा देताना कुणी कागद करतं का? ज्यांची मेलेली ढोरं आमच्या बापजाद्यांनी ओढली, त्यांची जिती ढोरं आमच्या रानात बांधली, मला तर बरंच वाटलं तवा. छावणी उठली, पर खांब राहिले. खांबावर पत्रे आले. पुढच्या साली, पुढच्या साली — सुंदरराव म्हनत राहिले, हे मान हलवत राहिले, आन हे गेले बी. बारा सालं उलटल्यावर एक दिवशी बघते तर भिंतीचा चर खणलेला.

मी शहादेवकडं गेले. दुसरं कुठं जाणार? दुसऱ्या दिवशी आला, चपला काढल्या, बांध चालला, इथंच, तू बसलीस तिथंच बसला. च्या घेतला. काकू, बोला. मी बोलले. बोचकं, गाडी, सुंदरराव, हे काय म्हनले — सगळं. मग एवढंच इचारलं त्यानं, ते बोलणं झालं तवा आणिक कोण होतं? मी म्हनले, कोण असणार, आमी दोघं आन ते. उठला. बघतो म्हनला.

मला वाटलं, आपल्याचसाठी इचारतोय.

तर त्याला येळच न्हाई असा सांगावा आला. दुसरा वकील धरला, त्याला माझं नावबी धड येत नव्हतं. आन कोर्टात बघते तर सोसायटीच्या अंगानं कोण उभा? आपला बालिष्टर. जल्मभर काकू म्हनला, तिथं म्हनला मनकर्णाबाई. छावणीचा पहिला खांब रोवला तेव्हा तुम्ही कुठं होता? म्हनले, तोडीला. पर जायच्या आधी — तर हात वर केला त्यानं. इचारलं तेवढंच सांगा. माझा वकील कागदं चाळत बसलेला. त्याला पुढचं ठावं नव्हतं. ज्याला ठावं होतं तो खाली बसला.

गेला तुकडा. न इचारता बसले ते, असंच ठरलं. भाईर आल्यावर म्हनला, काकू, मी खोटं कुठं बोललो? न्हाईच बोलला. तेच तर. खोटं बोलला असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पुढं कारखान्याचा वकील झाला, बँकेचा झाला, पतपेढ्यांचा झाला. तू लिहिलं असंलच ते. पर मी तवापासून कुणासमोर सगळं बोलत न्हाई बघ. आज तुझ्यासमोर बोलले. तू बी त्याच्यावानीच ऐकतीस, मधी तोंड घालत न्हाईस.

सत्कार कुठं म्हनलीस?

सोसायटीच्या हॉलात. नदीकाठच्या. — तुला ठावं नव्हतं व्हय? राहू दे, रडू नको, तुझा काय दोष. स्टेज जिथं हाय ना, तिथं ती बांधावरची बोर होती.

ऐक. शाल दुसऱ्या कुणाला तरी दे. त्यानं इचारलं, म्हातारी कावून आली न्हाई, तर म्हण, तोडीला गेलीय. या वयात कसली तोड, म्हनंल. तू गप राव्हायचं. इचारलं तेवढंच सांगायचं.

टँकर वाजला बघ. उठ, ती घागर दे इकडं. आन जा आता.