शीळफाटा कोणी उडवला?

अरे, हसू नका, पण मी म्हात्रेवर आठवडाभर पाळत ठेवलेली. वागळे इस्टेटच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. आमचं अ‍ॅप ट्रक पोचायची वेळ सांगतं आणि ती रोज चुकत होती. म्हणून शीळफाट्याच्या ट्रॅफिकचा खोळंबा मोजणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या त्या तुकड्यात, मी 'इथे आलो' असं छापणारी ओळ टाकली. रन केलं, तर काहीच छापेना! म्हटलं, म्हात्रेच ती ओळ उडवतोय. जेवायला जाताना स्क्रीनचा फोटो काढून जायचो. ओळ जागेवरच असायची, तरी संशय जाईना. त्याने आणलेला चहासुद्धा घेईना.

शेवटी विचारलंच, "माझ्या कोडला हात लावतोस का रे?"

"अरे, ही कोडची भाषाच आळशी आहे. उत्तर कोणी मागितलं नाही तर फंक्शन चालतच नाही, छापणार काय? ते कोण मागतंय बघ आधी."

बघितलं. कोणीच मागत नव्हतं. वेळेच्या बेरजेतून शीळफाटाच गायब!

"बघ, काढलाच ना कोणीतरी!"

त्याने शांतपणे बदलांची हिस्टरी उघडली. काढणाऱ्याचं नाव माझं. पुढे माझाच शेरा: 'बिनकामाचं काढलं.'

म्हात्रेने कप सरकवला. "आता घेशील?"